पाठीवरून उतरलेलें मूल

रोगांना नांवें कशीं पडतात याचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर तो मोठा उद्बोधक होईल असें आम्हांस वाटतें. पाश्चात्त्य वैद्यकांतील नांवें पाहिलीं तर तीं बहुधा दोन घराण्यांतलीं असतात. एक घराणें ग्रीक-लॅटिनचें. त्यांतलें नांव कानीं पडलें कीं रोग्याला कांहींच कळत नाहीं, आणि आपल्या वैद्याला मात्र सर्व कळलें आहे असें समजून तो स्वस्थ होतो. दुसरें घराणें डॉक्टरांच्या आडनांवांचें. पार्किन्सन, हॉजकिन, अ‍ॅडिसन हे गृहस्थ आपापल्या नांवाचा एकेक रोग मागें ठेवून गेले. आमच्या लहानपणीं घरांत जीं नांवें ऐकूं येत, गोंवर, कांजिण्या, गालगुंड, डांग्या खोकला, मुडदूस, तीं यांपैकीं कोणत्याच घराण्यांतलीं नव्हत. तीं माजघरांत नांदणारीं. वैद्यकाच्या मोठ्या ग्रंथांच्या दारांत अशा नांवांना सहसा कोणी उभें करीत नाहीं.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बायकांच्या तोंडचें असें एक नांव मात्र त्या दारांतून आंत गेलें, आणि आज बालरोगांच्या पुस्तकांतून तें जसेंच्या तसें सांपडतें. तें नांव क्वाशिओरकोर. उच्चाराला अवघड खरें. पण ज्या बाईंनीं तें तेथें नेऊन बसविलें त्यांची हकीकत, आणि त्या नांवाच्या पोटांत काय आहे तें, आमच्या वाचकांपुढें मांडावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. त्याला आमचें एक घरगुती कारणहि आहे; तें पुढें येईल.

डॉक्टर सिसिली विल्यम्स यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजीं जमेका बेटांत झाला. वडील तेथील शिक्षणखात्यांतले मोठे अधिकारी. मुलगी हुशार निघाली तेव्हां वडिलांनीं तिला, तुला नवरा मिळेलसें दिसत नाहीं, तर तूं डॉक्टरीण हो, असा सल्ला दिला असें सांगतात. आपल्याकडील कित्येक बापांच्या तोंडून हेंच वाक्य उलट्या क्रमानें आम्हीं ऐकलें आहे. ऑक्सफर्डला वैद्यकाच्या वर्गांत त्यांचा प्रवेश झाला तो पहिल्या महायुद्धाच्या कृपेनें. तरुण पुरुष रणांगणावर गेल्यामुळें ज्या जागा ओस पडल्या त्यांतली एक त्यांना मिळाली. १९२३ सालीं त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, तोंवर पुरुष परत आले होते, आणि स्त्री डॉक्टराला चांगल्या इस्पितळांत जागा मिळणें पुन्हां दुरापास्त झालें होतें. अखेर १९२९ सालीं ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकखात्यानें त्यांना गोल्ड कोस्टला पाठविलें. १९५७ सालीं स्वतंत्र होऊन घाना हें नांव घेतलेला देश तो हाच. हुद्दा मुद्दाम 'स्त्री वैद्यकीय अधिकारी' असा वेगळा ठेवलेला. त्याचा व्यावहारिक अर्थ इतकाच कीं काम पुरुषाइतकें आणि पगार पुरुषापेक्षां कमी. बाईंना ही गोष्ट कधींच रुचली नाहीं, आणि न रुचलेली गोष्ट गिळून टाकण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

अठ्ठ्याण्णव वर्षांच्या दीर्घ आयुष्यांतलीं अवघीं सात वर्षें त्यांनीं तेथें काढलीं. पण पुढें जगभर त्यांनीं जें केलें आणि जें सांगितलें, त्याचें बीं या सात वर्षांत पेरलें गेलें.

अक्रा शहरांत मुलांसाठीं प्रिन्सेस मेरी लुईझ या नांवाचें इस्पितळ १९२६ सालीं निघालें होतें. विल्यम्सबाई तेथें काम पाहूं लागल्या. बायका लांबून चालत येत. मूल पाठीला रुंद फडक्यानें घट्ट बांधलेलें. त्या देशांतलें तान्हें मूल आईच्या पाठीवर वाढतें. तेथेंच तें झोंपतें, तेथूनच तें बाजार पाहतें, आणि भूक लागली कीं पुढें ओढून घेतलें जातें. विलायतेंत त्या वेळीं मुलाला घड्याळ लावून दूध पाजावें, रडलें तरी उचलूं नये, अशी शिकवण होती. त्या शिकवणींत तयार झालेल्या या बाईंनीं अक्राचीं तान्हीं मुलें पाहिलीं, आणि आपल्याकडील आयांनीं येथें येऊन शिकावें असें त्यांना वाटूं लागलें. साहेबी अंमलांतल्या अधिकाऱ्याला हें सुचावें ही साधी गोष्ट नव्हे. रानटी चालीरीति हा शब्द त्या काळीं सरकारी कागदांतून फार स्वस्त होता.

परंतु पहिल्या वर्षांत टवटवीत असलेलीं हींच मुलें दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं वेगळ्याच रूपांत इस्पितळांत येऊं लागलीं. मूल किरकिरें होई, मग तें किरकिरहि करीनासें होई. समोर धरलेल्या घांसाकडे तें पाहत नसे. हातपाय सुजत, तोंडावर सूज येई, पोट पुढें येई. काळेभोर केंस तांबूस पडत, विरळ होत, आणि ओढले तर हातांत येत. अंगावर काळे डाग पडून, जुन्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटावा तशी कातडी सुटे. आणि यांत विपरीत हें कीं सुजेमुळें मूल वाळलेलें दिसत नसे. अडाणी डोळ्याला तें गुबगुबीतच वाटे. असें मूल उपचारांवांचून राहिलें तर तें थोड्या आठवड्यांचेंच सोबती. बाईंनीं मेलेल्या मुलांचीं शरीरें स्वतः उघडून पाहिलीं, तों यकृत चरबीनें भरून गेलेलें आढळलें. अशाच एका तपासणींत हाताला जखम होऊन, रक्तांत विष भिनून, त्यांच्या स्वतःच्याच जिवावर बेतलें होतें. जंतुनाशक औषधें अजून निघावयाचीं होतीं.

पुस्तकांत या रोगाला नांव नव्हतें. वरिष्ठांचें मत असें कीं हा पेलाग्रा असावा, किंवा जंत असावे, किंवा आणखी कांहीं. अशा वेळीं शिकलेला मनुष्य जें सहसा करीत नाहीं तें विल्यम्सबाईंनीं केलें. तेथील बायकांना त्यांनीं विचारलें कीं, याला तुम्ही काय म्हणतां?

बायकांजवळ उत्तर तयार होतें. अक्राच्या आसपासच्या गा लोकांच्या भाषेंत त्याला क्वाशिओरकोर म्हणत. अर्थ विचारला, तर त्या म्हणाल्या कीं, पुढचें मूल जन्माला आलें म्हणजे आधींच्या मुलाची जागा जाते. त्या पदच्युत झालेल्या मुलाला जो आजार होतो तो हा.

आम्हीं हा अर्थ प्रथम वाचला त्या दिवशीं पुस्तक मिटून ठेवलें, आणि पुष्कळ वेळ आपल्याच भाषेचा विचार करीत बसलों. आपण धाकट्या भावाला पाठचा भाऊ म्हणतों. एका मुलाच्या पाठीवर दुसरें मूल झालें असें म्हणतों. ज्याच्या पाठीवर तें झालें त्याचें पुढें काय होतें, हें मात्र आपला शब्द सांगत नाहीं. पित्या मुलाला आपण अंगावरचें मूल म्हणतों, आणि त्याचें दूध बंद करणें याला आपल्या घरांतून जो शब्द आहे तो 'तोडणें' हा आहे. मूल अंगावरून तोडलें. फळ तोडावें, नातें तोडावें, तसें हें तोडणें. ज्या कोणा बाईनें हा शब्द प्रथम वापरला असेल तिला तो कां सुचला, हें अक्राच्या बायकांना समजावून सांगावें लागलें नसतें.

आपल्या प्राचीन वैद्यकालाहि ही गोष्ट अगदींच अपरिचित नव्हती. पारिगर्भिक नांवाचा एक बालरोग वाग्भटाच्या ग्रंथांत आणि माधवनिदानांत सांगितला आहे. गर्भिणी आईचें दूध पिणाऱ्या मुलाला तो होतो. त्याला खोकला, अग्निमांद्य, ओकारी, तंद्रा, अरुचि हीं जडतात, तें कृश होतें आणि त्याचें पोट वाढतें, असें त्याचें वर्णन आहे. दोन्ही वर्णनें अगदीं एका रोगाचीं आहेत असा आमचा आग्रह नाहीं. आपल्या ग्रंथांत सर्व शोध आधींच लागलेले असतात असें मानणाऱ्या पंथाचे आम्ही नव्हों. पण आई पुन्हां गर्भार राहिली कीं मांडीवरच्या मुलाच्या जिवाला धोका उत्पन्न होतो, एवढें येथेंहि कोणाच्या तरी ध्यानांत आलें होतें. फरक इतका कीं, ग्रंथकर्त्यानें दोष दुधाला दिला आणि अक्राच्या बायकांनीं गेलेल्या जागेला.

आतां तें घरगुती कारण. आम्ही आमच्या आईबापांचें चौथें अपत्य. तिसरा जो मुलगा झाला तो आमच्या जन्माच्या वेळीं दीड वर्षांचा होता, आणि आम्ही नऊ महिन्यांचे असतां तो गेला. घर कोंकणांतलें, श्रीमंती नव्हती, पण तांदुळाला तोटा नव्हता, दारांत गाय होती. आईला पुन्हां दिवस गेल्याचें कळतांच आजीनें त्याला अंगावरून तोडविला. मग पेज आणि मऊ भात. डाळ पोटाला जड, गाईचें दूध कफ करतें, अंडें तर सोंवळ्याच्या घरांत बोलावयासहि नको. थोड्या महिन्यांनीं त्याचीं पावलें जड दिसूं लागलीं, गाल वर आले, आणि शेजारच्या बायका म्हणाल्या, हो, बाळसें धरलें हो! पुढें हगवण लागली, आणि चार दिवसांत सगळें आटोपलें. घरांतल्या मोठ्या माणसांनीं दृष्टीचें निमित्त सांगितलें. कोणी हळूच आमच्या पायगुणाचेंहि सांगितलें. तें बोलणें आमच्या कानीं बरेंच मोठेपणीं आलें. आई मात्र तें कधीं बोलली नाहीं. तिच्या उतारवयांत एकदां आम्हीं धीर करून विचारलें, तेव्हां ती निवडतां निवडतां तांदुळाकडे पाहतच म्हणाली, "दृष्ट नाहीं नि पायगुण नाहीं. त्याला तोडला, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं दिलें नाहीं. तो भातावर राहिला." आणि थोडें थांबून, "मला दिसत होतें. पण मला कोण विचारतो?"

त्या मुलाचा रोग तोच होता असें आम्ही म्हणत नाहीं. कोणा डॉक्टरानें त्याला पाहिलें नव्हतें, आणि त्याचें एखादें छायाचित्रहि नाहीं. पण तेव्हांपासून त्या दूरच्या देशांतलें तें नांव आम्हांस परकें वाटत नाहीं.

अक्राच्या बायकांचा शब्द हातीं येतांच विल्यम्सबाईंना पुढची वाट दिसली. तोडलेलें मूल खातें काय? तें खात असे मक्याचें. मका भिजवून, वाटून, आंबवून त्याची पातळ लापशी करीत, ती आपल्या आंबिलीच्या जातीची. आणि त्याच आंबवलेल्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून शिजवीत, त्यांना केंकी म्हणत. मोठ्या माणसाला केंकीबरोबर मासळी असे, कालवण असे. लहान मुलाच्या वाट्याला नुसती लापशी येई. त्यानें पोट भरे. पण ज्या वयांत हाड, मांस, कातडी हीं सर्व नवीं घडवावयाचीं त्या वयांत घडवावयाला लागणारा माल त्यांत पुरेसा नसे. दूध देऊन पाहिलें तेव्हां वेळेवर हातीं आलेलीं पुष्कळ मुलें सुधारलीं. १९३३ सालीं बाईंनीं बालरोगांच्या एका विलायती नियतकालिकांत निबंध लिहिला आणि मक्याच्या आहाराशीं निगडित असा हा मुलांचा पोषणाचा रोग आहे असें प्रतिपादन केलें.

त्यावर जो वाद झाला तो आजहि वाचण्यासारखा आहे. डॉक्टर स्टॅनस हे या विषयांतले अधिकारी गृहस्थ. न्यासालँडांत त्यांनीं पेलाग्रा पाहिलेला. पेलाग्रा हाहि मकाखाऊ लोकांचाच रोग. त्यांनीं १९३४ सालीं त्याच नियतकालिकांत उत्तर दिलें कीं, हा नवा रोग कसचा, हा पेलाग्राच. बाईंचें म्हणणें असें कीं, पेलाग्राचे चट्टे उन्हाला उघड्या पडणाऱ्या अंगावर उठतात, आणि माझ्या मुलांचे चट्टे भलत्याच ठिकाणीं असतात. शिवाय हा रोग ठराविक वयाच्या मुलांना गांठतो, त्यांच्या आयांना नाहीं. दुसऱ्या बाजूला नांव मोठें, हुद्दा मोठा, आणि इकडे कमी पगाराची एक बाई. १९३५ सालीं 'लॅन्सेट'मध्यें त्यांनीं पुन्हां लिहिलें, आणि या खेपेस निबंधाच्या शीर्षकांतच तो गा भाषेंतला शब्द घातला. आपल्याकडे एक मोठी मार्मिक शब्दयोजना आहे. त्यांनीं रोगाला नांव दिलें; लोकांनीं त्यांना नांवें ठेवलीं.

१९३६ सालीं त्यांची बदली मलायांत झाली. वरिष्ठांशीं पटत नव्हतें, त्याचेंच तें फळ. मलायांतली हकीकत एका स्वतंत्र लेखाची आहे, म्हणून येथें धांवतीच सांगतों. तेथें गोड केलेलें डब्यांतलें दूध तान्ह्या मुलांना चांगलें म्हणून विकलें जाई. परिचारिकांचा पोशाख घातलेल्या बायका घरोघर जाऊन बाळंतिणींना तें गळीं मारीत. १९३९ सालीं सिंगापुरांत प्रतिष्ठितांच्या एका सभेपुढें बाईंनीं 'दूध आणि खून' असें शीर्षक देऊन भाषण केलें, आणि अशा प्रचारानें होणारे मृत्यु खुनांतच जमा केले पाहिजेत असें स्वच्छ सांगितलें. पुढें जपानी आले. तीन वर्षांवर काळ त्यांनीं चांगीच्या बंदिवासांत काढला. त्यांतले कांहीं महिने जपानी लष्करी पोलिसांच्या पिंजऱ्यांत. मुलांच्या उपासमारीवर लिहिणाऱ्या बाईंना उपासमार अशी स्वतःच्या अंगावर पाहावयास मिळाली. बेरीबेरीनें त्यांचीं पावलें कायमचीं बधिर झालीं. १९४८ सालीं नव्यानें स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेनें माता व बालके यांच्या आरोग्याचा विभाग त्यांच्या हातीं दिला. आणि १९५२ सालीं ब्रॉक व ओत्रे या दोघांनीं आफ्रिकेंतील दहा देश हिंडून संघटनेसाठीं जो वृत्तांत लिहिला, त्याच्या मुखपृष्ठावरच 'आफ्रिकेंतील क्वाशिओरकोर' असें नांव होतें. वैद्यकाला व आहारशास्त्राला ठाऊक असलेल्या पोषणाच्या विकारांत याच्याइतका गंभीर व सर्वत्र पसरलेला दुसरा नाहीं, असा त्या दोघांचा निर्णय. पेलाग्राचें कोणी नांव काढीनासें झालें.

कथा येथें संपली असती तर सोयीचें झालें असतें. पण शास्त्राला एखादी गोष्ट पटली म्हणजे तें ती अति करून सोडतें. क्वाशिओरकोर म्हणजे प्रथिनांची उणीव, आणि जगांतली मुलें खंगतात तीं प्रथिनांच्या तुटीनें, असा सिद्धान्त झाला. दुधाच्या भुकटीच्या गोणी जहाजांतून निघाल्या. माशांचें पीठ, सरकीचें पीठ, नाना प्रकारचीं पिठें निघालीं. मुलाला एकूण पोटभर अन्न मिळतें कीं नाहीं हा बाळबोध प्रश्न मागें पडला. तो पुन्हां पुढें आणणाऱ्यांत दोघे आपल्या देशांतले होते हें सांगावयास आम्हांस संतोष वाटतो. हैदराबादच्या संशोधनांत डॉक्टर गोपालन यांना असें दिसलें कीं, ज्या मुलांना सूज येते आणि जीं मुलें नुसतीं सुकतात, त्यांच्या आहारांत म्हणण्यासारखा फरक नसतो; हें त्यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलें. दुसरे आपल्या सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉक्टर पांडुरंग वासुदेव सुखात्मे. संख्याशास्त्र हा त्यांचा विषय. आपल्या लोकांच्या आहारांत प्रथिनांची जी तूट दिसते ती बहुतेक ठिकाणीं मुळांत अन्नाचीच तूट असते, हें ते आंकडे मांडून सांगत राहिले. १९७४ सालीं मॅक्लॅरन यांनीं 'लॅन्सेट'मध्यें प्रथिनांच्या या साऱ्या खटाटोपाची फजिती असें शीर्षक देऊनच संभावना केली.

आणि नेमकी सूज कां येते, हें कोडें अजूनहि पुरतें उलगडलेलें नाहीं. मलावींत ३१७ जुळ्यांच्या जोड्यांचा पहिल्या तीन वर्षांपर्यंत माग ठेवला. त्याचे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. एकाच आईचीं, एकाच दिवशीं जन्मलेलीं, एकाच भांड्यांतलें खाणारीं दोन मुलें. त्यांतल्या एकाला क्वाशिओरकोर होतो आणि दुसरें सुखरूप राहतें, असेंहि आढळलें. आंतड्यांतील सूक्ष्म जंतूंचा त्यांत हात असावा असें त्या संशोधकांना दिसून आलें. जुळ्यांत कोण कोणाची जागा घेणार? बायकांच्या शब्दानें सर्व सांगितलें होतें असें म्हणतां येत नाहीं. पण कोठें पाहावें हें त्यानें सांगितलें होतें, आणि बाईंनीं तेथें पाहिलें. पुढें पिठांच्या मागें लागलेल्यांनीं पाहिलें तें गोणीकडे.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपण मुलाला उष्टावणानंतर नाचणीचें सत्त्व देतों आणि तें आपल्या आजीचें शहाणपण समजतों. शहाणपण आजीचेंच, पण नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेंतील डोंगराळ मुलखांतली. ती फार प्राचीन काळीं समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि कोंकणांतल्या वरकस जमिनींत रुळली. युगांडांतल्या आयाहि मुलाला तिचीच पेज पाजतात. आमच्या त्या भावाला नाचणीचें सत्त्व मिळालें नाहीं; आमच्या घरांत तें गरिबाचें अन्न मानीत.

विल्यम्सबाईंनंतर आफ्रिकेंत ज्या डॉक्टरांनीं हें काम पुढें नेलें त्यांत डेव्हिड मॉर्ले यांचा उल्लेख केला पाहिजे. १९५६ पासून पांच वर्षें ते नायजेरियांत इलेशा गांवच्या मिशनच्या इस्पितळांत होते. जवळच्या इमेसी या खेड्यांत त्यांनीं मुलांचीं वजनें दरमहा घेण्यास आरंभ केला. त्यांची खरी युक्ति कागदाची होती. वयाचे महिने आडवे, वजन उभें, आणि मधून चढत जाणारा एक रस्ता. मुलाच्या वजनाचे ठिपके जोडले कीं तें त्या रस्त्यानें चाललें आहे कीं रस्ता सोडून खालीं उतरत आहे, हें निरक्षर आईलाहि दिसावें. आणि हा कागद इस्पितळाच्या कपाटांत न ठेवतां आईच्या हवालीं करावयाचा, तिनें तो घरीं जपावयाचा. पुष्कळ डॉक्टरांना हें कसेंसेंच वाटलें. बायका कागद हरवतील, पावसांत भिजवतील. प्रत्यक्षांत इस्पितळाच्या दप्तरांतूनच अधिक कागद गहाळ होतात हा अनुभव आहे. पिशवींत घालून आढ्याला टांगलेला कागद बायकांनीं वर्षानुवर्षें सांभाळला. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या बालविकास योजनेंत अंगणवाडीच्या भिंतीपाशीं मुलाला वजनकांट्यावर टांगून ठिपका देतात, तो याच वंशांतला. फक्त आमच्या पाहण्यांतल्या अंगणवाड्यांत तो तक्ता बहुधा बाईंच्या नोंदवहींत असतो, आईच्या हातांत क्वचित्.

खंगलेल्या मुलाला वांचवावयाचें म्हणजे त्याला आईसह इस्पितळांत आठवडेंच्या आठवडे ठेवावें लागे. आणि मग घरीं राहिलेल्या बाकीच्या मुलांकडे कोण पाहणार? एकाला वांचवितांना दुसरें पदच्युत व्हावयाचें. या पेंचांतून सुटका केली ती शेंगदाण्यानें. गेल्या शतकाच्या अखेरीस आंद्रे ब्रियां या फ्रेंच डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें शेंगदाण्याचें वाटण, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वें यांचें एक मिश्रण सिद्ध केलें. त्यांत पाणी नाहीं, म्हणून जंतु वाढत नाहींत. शिजवावयाचें नाहीं, म्हणून सरपण नको. पुडी फाडली कीं मूल स्वतः चोखून खातें, तेंहि घरीं, भावंडांत बसून. ज्यांना भूक आहे आणि दुसरा आजार नाहीं अशा मुलांना घरींच बरें करावें, असें २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें व तिच्या सहयोगी संस्थांनीं जाहीर केलें. या पुडीचाहि आतां व्यापार झाला आहे, आणि ज्या देशांत शेंगदाणा उदंड पिकतो तेथेंहि ती परदेशांतून कां यावी असा प्रश्न लोक विचारतात. तो विचारण्याजोगाच आहे.

विल्यम्सबाई १३ जुलै १९९२ रोजीं ऑक्सफर्डला वारल्या. त्यांच्या मागें वीसेक वर्षांनीं पश्चिम आफ्रिकेंतल्याच नायजर देशांत, झिंदर प्रांतीं, एक प्रयोग झाला. मूल किती खंगलें आहे हें ओळखण्याची आतां एक अगदीं साधी पट्टी निघाली आहे. दंडाभोंवतीं ती गुंडाळावयाची. तिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असतात. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर खूण लाल रंगावर येते. ही पट्टी आजवर आरोग्यसेवकाच्या हातीं असे. येथें ती खेड्यांतल्या आयांच्या हातीं दिली आणि वापरावयास शिकविली. मग दोघांच्या मोजणीची तुलना केली, तर आयांची मोजणी सेवकांच्या मोजणीहून कमी ठरली नाहीं. उलट त्यांचीं मुलें अधिक लौकर उपचाराला आलीं, आणि त्यांतल्या थोड्यांनाच इस्पितळांत ठेवावें लागलें. २०१६ सालीं हे निष्कर्ष छापून आले.

त्या बायकांना सूचना थोडक्यांत दिलेली असते. हिरवा असेल तर पट्टी गुंडाळून ठेवावी आणि पुन्हां कांहीं दिवसांनीं पाहावें. लाल दिसला तर वाट पाहूं नये. मूल पाठीला बांधावें आणि निघावें.